लेदर उघडत नाहीये!

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी मंडळी एकमेकांना फोन करतात तेव्हा ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच एक वाक्य येतं, 'अरे, लेदर उघडत नाहीये!' हे लेदर म्हणजे सार्कोफायटन. अळंबीसारख्या आकाराचं मऊ प्रवाळ. खाली गुळगुळीत बुंधा, वर पसरट टोपी आणि टोपीवर शेकडो बारीक पॉलिप. तब्येत बरी असली की पॉलिप बाहेर येऊन प्रवाहात डोलतात. बिनसलं की टोपी आक्रसते, पॉलिप आत जातात, रंग मातकट होतो. एक आठवडा जातो, दुसरा जातो. टाकीचा मालक ऑफिसातून आल्यावर चपला न काढताच काचेसमोर उभा राहायला लागतो.

मग बाटल्या यायला लागतात. आयोडीन, ट्रेस एलिमेंट, अमिनो ॲसिड, कोरल फूड, कुणीतरी परदेशातून येताना आणलेलं आणखी काहीतरी. या लेखाच्या निमित्ताने मुंबई, ठाणे, पुण्यातल्या काही टाक्या पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट सारखी जाणवली. जिथे प्रवाळ खालावत होतं, तिथे टाकीखालचं कपाट बाटल्यांनी गच्च भरलेलं होतं. पाण्यात काही घालायचं म्हटलं की माणूस एका पायावर तयार असतो. पाण्यात आपल्याला न कळत काय शिरलं, हे शोधायचं म्हटलं की टाळाटाळ सुरू होते. आणि बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. टाकीत नव्हे, घरात काहीतरी बदललेलं असतं.

दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाला सांगतो, 'सुरुवातीला सॉफ्टीच घ्या, मरत नाहीत.' सॉफ्टी म्हणजे मऊ प्रवाळ, आणि हे अर्धं खरं आहे. कठीण प्रवाळ चुनखडीचा सांगाडा बांधतं. त्याला पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सतत लागते, त्यात जरा मागेपुढे झालं की ते लगेच पांढरं पडतं. मऊ प्रवाळाचा तसा दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसात कॅल्शियमचे सूक्ष्म काटे तेवढे विखुरलेले असतात. पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करतं, त्यावर त्याचं बरंचसं पोट भरतं. त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठ हात असतात आणि हाताला पिसासारखे फाटे असतात. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, पण तेही याच आठ हातांच्या कुळातलं. ज्योतिषाच्या दुकानातल्या त्या मण्याचं नातं खडक बांधणाऱ्या प्रवाळापेक्षा आपल्या लेदरशी जवळचं आहे. झोआ आणि मशरूम ही प्रवाळं मात्र खरं तर दुसऱ्या शाखेतली. दुकानात एकाच ट्रेमध्ये ठेवतात म्हणून त्यांनाही सॉफ्टी म्हणायचं, इतकंच.

मरत नाहीत, याचा खरा अर्थ उशिरा तक्रार करतात. सगळ्यात फसवतं ते हेच. कारण घडून गेल्यावर दोन महिन्यांनी परिणाम दिसला, तर कोण त्या दोघांची सांगड घालणार?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका घरात चार फुटी टाकी आहे, अडीचशे लिटरच्या आसपास पाणी. मालक हिशेबनीस. त्यामुळे वहीत सगळं नोंदलेलं: तापमान २६, क्षारता ३५, अल्कलिनिटी (केएच) ८, नायट्रेट ५. कुठल्याही पुस्तकाशी ताडून पाहावं, आकडे चोख. आणि टाकीत मात्र अवकळा. लेदर मिटलेलं, झेनिया हे दुसरं मऊ प्रवाळ वितळून गेलेलं, झोआंचे गुच्छ अर्ध्यावर आलेले. मासे मजेत. टाक्यांची देखभाल करणारा एक तरुण तिथे आला होता. त्याने वही मिटून बाजूला ठेवली आणि टॉर्च घेऊन टाकीच्या तळाशी बघत बसला.

'काका, गोगलगाई किती सोडल्या होत्या?'

'आठ-दहा असतील. हल्ली दिसत नाहीत. लपल्या असतील कुठे.'

'गोगलगाई एवढा वेळ लपत नाहीत, काका.' त्याने चिमट्याने वाळूतून दोन रिकामे शंख काढून दाखवले. 'कोळंबीने कात टाकलेली शेवटची कधी पाहिलीत?'

काकांना आठवेना. मासे ठणठणीत, पण गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ एकाच वेळी खंगतात, म्हटल्यावर जाणकाराच्या मनात पहिला संशय येतो तो धातूचा, त्यातही तांब्याचा. टाकीत रोज किती पाणी उडतं, ते कशाने भरता, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, 'आपलं प्यायचंच. आरओचं.' स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, 'जुनं मशीन बदललं ना पाडव्याला. आता तांब्याचं घेतलंय.'

हल्ली अशी मशीन घरोघरी आली आहेत. गाळलेल्या पाण्यात ती मुद्दाम थोडं तांबं सोडतात. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. तिचंच हे विजेवर चालणारं रूप. माणसाला ते मानवतं. समुद्राच्या पाण्यात मात्र तांबं लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात त्या रोगावर तांब्याचं औषध देतात, तेव्हा लिटरमागे १५० ते २०० मायक्रोग्रॅम ठेवतात. मासा ते सोसतो, परजीवी मरतो. आणि प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी हेही त्या परजीवीबरोबर जातात. म्हणूनच ते औषध मुख्य टाकीत कधी घालायचं नसतं, माशाला वेगळ्या टाकीत काढून द्यायचं असतं.

एका दिवसाच्या पाण्याने काही झालं नसतं. पण बाष्पीभवनात उडतं ते पाणी, तांबं उडत नाही. रोज तीन-चार लिटरची भर आणि प्रत्येक भरीबरोबर थोडं तांबं, असं पाडव्यापासून साचत गेलं. काकांच्या किटवर ते दिसलंही नाही, कारण घरगुती किट औषधाची मात्रा मोजायला बनवलेलं असतं, एवढं बारीक प्रमाण त्याला पकडता येत नाही. त्या तरुणाने सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत, धातू शोषणारं एक पांढरं पॅड ठेवलं आणि सांगितलं, रंगावर लक्ष ठेवा. तांबं शोषलं की ते पॅड निळं पडतं. चौथ्या दिवशी काकांनी ते उचलून मला फोटो पाठवला: मधोमध फिकट निळसर हिरवी झाक, कडा शेवाळी तपकिरी.

काकू म्हणाल्या, 'माणसाला चांगलं ते या प्राण्याला विष? नवलच आहे बाई.' त्यांचं मशीन तसंच राहिलं, ते बदलायचं काही कारणही नव्हतं. टाकीसाठी वेगळी आरओ-डीआय जोडणी घेतली, जिच्यात पाणी शेवटी रेझिनमधून जातं आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य दाखवतं. तांबं नसलेलं साधं घरगुती मशीनही या कामाचं नाही. चव राहावी म्हणून त्यातल्या बऱ्याच मशीनना टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. टाकीच्या खडकांनी मधल्या काळात शोषलेलं तांबं पुढे कितीतरी दिवस हळूहळू सुटत राहतं, म्हणून पॅड बदलत राहायचं आणि थोडं थोडं पाणी बदलायचं. लेदर पावसाळ्यात उघडलं. टोपीची एक बाजू कुजली होती, ती गेलीच. झेनिया मात्र आला नाही.

एवढ्या शोधाशोधीआधी एक बघायला हवं, की प्रवाळ खरंच आजारी आहे का. लेदर अधूनमधून कात टाकतं. टोपीवर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो, त्यावर धूळ आणि शेवाळ बसतं, पॉलिप दिवसच्या दिवस आत राहतात. मग पापुद्रा फाटून वाहून जातो आणि खालचं अंग लख्ख निघतं. कधी तीन-चार दिवस, कधी पंधरवडा लागतो. अशा वेळी प्रवाह जरा वाढवावा आणि हात खिशात ठेवावेत. केनिया ट्री हे मऊ प्रवाळ आपल्या फांद्यांचे तुकडे टाकतं, त्यावर 'गळतंय, गळतंय' म्हणून घाबरणारे बरेच भेटले. ती त्याची वंश वाढवायची रीत आहे, तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो. शंका असेल तर प्रवाळ क्षणभर पाण्याबाहेर काढून वास घ्यावा. कुजणाऱ्या मांसाचा वास सांगावा लागत नाही.

झेनिया हे तर खास प्रकरण. त्याचे पॉलिप मुठी उघडमिट करत राहतात, आणि नवखा माणूस फक्त त्यासाठी ते घेतो. ही उघडमिट कशासाठी, याचं उत्तर २०१३ मध्ये इस्रायली संशोधकांनी तांबड्या समुद्रातल्या एलातजवळ, झेनियाच्याच कुळातल्या एका प्रवाळावर अभ्यास करून दिलं. त्या हालचालीमुळे अंगाभोवती साचलेला प्राणवायू झटकला जातो आणि आतल्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनी वाढतं. त्याच अभ्यासात दिसलं की हे प्रवाळ दुपारी थोडा वेळ उघडमिट थांबवतं. म्हणजे वामकुक्षी. पुणेकरांना याची काळजी वाटायचं कारण नाही, पण तेवढ्यावरून आयोडीनची बाटली उघडणारा एक गृहस्थ मला पुण्यातच भेटला.

आयोडीनबद्दल बोलायलाच हवं, कारण झेनियाला ते लागतंच असा समज पक्का बसलेला आहे. समुद्रात ते लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. नेहमी पाणी बदलणाऱ्या आणि माशांना खाऊ घालणाऱ्या टाकीत थोडंफार येतच असतं. टाक्यांच्या रसायनशास्त्रावर वर्षानुवर्षं लिहिणारे अमेरिकन रसायनतज्ज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी ते स्वतःच्या टाकीत घालून पाहिलं आणि काही फरक न दिसल्याने सोडून दिलं. माझं मत विचाराल तर, जे मोजता येत नाही ते पाण्यात घालू नये. याहून अधिक त्यात काही नाही.

आता मीठ. समुद्राची क्षारता ३५, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. फक्त मासे विकणारे काही दुकानदार मीठ वाचवायला १.०२० किंवा १.०२१ वर टाक्या चालवतात. तिथून आणलेलं प्रवाळ सरळ आपल्या पाण्यात सोडलं तर ते मिटणारच, आणि दोष आपल्या टाकीला लागतो. सुईचं हायड्रोमीटर सुईला चिकटलेल्या एका बुडबुड्याने फसतं. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर लावावा. अडीचशे लिटरच्या टाकीतून वीस लिटर उडालं आणि भरलं नाही तर ३५ चे ३८ होतात. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर लेदर रुसलेलं दिसतं, त्याचं कारण बरेचदा एवढंच. आणि भरायचं ते गोडं पाणी. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी ओतणारे आजही आहेत.

उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरवायची युक्ती पुण्या-नागपुरात चालते, कारण हवा कोरडी असते. मुंबईच्या मे महिन्यात हवाच पाण्याने भरलेली, त्यामुळे पंखा फिरतो आणि थर्मामीटर हलत नाही. पाणी ३० च्या वर रेंगाळलं की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तिथे चिलर नाहीतर खोलीचा एसी, तिसरा मार्ग नाही. दिव्यांचं म्हणाल तर मऊ प्रवाळांना झगझगाट लागत नाही, आणि जुनी ट्यूब काढून नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावणं हा त्यांना भाजून काढायचा खात्रीचा उपाय आहे.

दिवाळी आली की घराची साफसफाई निघते. रंग, टर्पेंटाइन, फिनेल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल. टाकीचा स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो, हे कितीजणांच्या लक्षात येतं? डासांच्या आणि झुरळांच्या औषधांत पायरेथ्रॉइड असतात. माणसाला ते फारसं बाधत नाहीत, पण मासे आणि कोळंबी यांना विषारी असतात. पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील त्या दिवशी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढावी, टाकी झाकावी, ताजा कार्बन लावावा. अभ्यंगाच्या दिवशी तेल-उटण्याचा हात पाण्यात घालू नये. सॅनिटायझरचाही नको. काच पुसायच्या लोहचुंबकाचं प्लॅस्टिक तडकलंय का, पंपाच्या चुंबकावर गंज दिसतोय का, हेही याच वेळी पाहून घ्यावं. तांब्यासारखंच गंजाचं दुखणंही आतल्या आत चालू असतं.

पुण्यात कोथरूडला पाहिलेल्या टाकीचं दुखणं नेमकं उलट होतं. तिथे पाण्यात काहीच नव्हतं. फॉस्फेट शोषणारी लोहभुकटी, मोठा स्किमर, माशांना दिवसाआड चिमूटभर खाणं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मालकाला त्या शून्यांचा अभिमान. झोआ आकसून टाचणीच्या डोक्याएवढे झालेले, मशरूम फिकट, वाळूवर तपकिरी बुळबुळीत तारा आणि त्यात बुडबुडे. ते डायनोफ्लॅजेलेट. पाणी अति स्वच्छ झालं की इतर सूक्ष्मजीवांचा पाडाव होतो आणि यांना मोकळं रान मिळतं. 'समुद्रातही एवढंच असतं की,' मालकाचा युक्तिवाद. बरोबर, प्रवाळखडकांवरच्या समुद्रात विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट नगण्यच असतं. पण तिथे प्लवकांचा प्रवाह अहोरात्र वाहत असतो, प्रवाळाच्या तोंडाशी सतत घास येत असतो. टाकीत तो प्रवाह नाही, वर पाण्यातलंही काढून घेतलं, मग त्याने जगावं कशावर? नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास असलं तर मऊ प्रवाळं सुखाने राहतात. लोहभुकटी काढली, मासे दोन वेळा जेवायला लागले. दोन महिन्यांत झोआंना रंग आला. मालकाला ती टाकी आता जरा 'घाण' वाटते.

मऊ प्रवाळं एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण दिसत नाही. त्यांच्याकडे डंख जोरकस नसतो, म्हणून ती पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात. ऑस्ट्रेलियात पॉल सॅमार्को आणि जॉन कॉल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट बॅरियर रीफवर दाखवून दिलं की मऊ प्रवाळाच्या शेजारी, अंगाला न लागताही, कठीण प्रवाळाची वाढ खुंटते, काही मरतात. समुद्रात ते रसायन वाहून विरळ होतं. अडीचशे लिटरच्या काचेच्या पेटीत ते कुठे जाणार? म्हणून लेदर भरलेल्या टाकीत सक्रिय कार्बन हवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदलायला हवा. टाकीतली सगळीच प्रवाळं कारणाशिवाय कुढत असतील आणि पाण्याला पिवळट झाक असेल, तर इतर कुठल्याही बाटलीआधी हे करून बघावं.

आणि एक रात्र जागावं. दिवे गेल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बसलं की दिवसा न दिसणारे चोर सापडतात: झोआ खाऊन झोआच्याच रंगाची झालेली समुद्री गोगलगाय, झोआच्या देठाशी घातलेली तिची अंड्यांची वेटोळी, जिन्यासारखी नक्षी असलेली छोटी सनडायल गोगलगाय. आयोडीनचा खरा उपयोग इथे आहे. टाकीचंच पाणी वाडग्यात घेऊन त्यात पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालून प्रवाळ काही मिनिटं बुडवायचं, हलवायचं, स्वच्छ पाण्यात खळबळून परत ठेवायचं. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा. लेदरचा भाग कुजू लागला असेल तर धारदार ब्लेडने निरोगी मांसापर्यंत कापून टाकावा. उरलेला तुकडा दगडावर जाळीने बांधून ठेवला की धरतो. त्याला कापायला माणसं घाबरतात, ते स्वतः घाबरत नाही.

झोआ कापताना मात्र घाबरावं. त्यांच्या नात्यातल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक विष सापडतं. ते १९७१ मध्ये हवाईत शोधलं गेलं. मावी बेटावरच्या हानाजवळच्या एका डबक्यातल्या या जीवाचा रस तिथले लोक पूर्वी भाल्याच्या टोकाला लावत, असं सांगतात. टाकीतला झोआ लागलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे वाफेने घरातली सगळी माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. दगड उकळू नका. हातमोजे, चष्मा, आणि कापाकापी मुलांपासून दूर.

मग लोक विचारतात, एवढं सगळं करून नवीन प्रवाळ आणायचं कुठून? मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, हाजीअली किंवा गिरगावला, मोठ्या ओहोटीला झोआंच्या हिरव्या-तपकिरी चटया उघड्या पडतात आणि फुकटात मिळतंय म्हणून हात शिवशिवतो. तो आवरा. त्याच खडकांवर कठीण प्रवाळंही आहेत. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये ती हलवून दुसरीकडे लावावी लागली, ती कायद्याचं संरक्षण असल्यामुळेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळी कठीण प्रवाळं आली. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, सी फॅन आणि ऑर्गन पाइपही. शेवटची दोन तर मऊ प्रवाळांच्याच कुळातली. बिल न देणाऱ्याकडून, कुठून आलं हे न सांगणाऱ्याकडून घेऊ नका. दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्या. तो टाकीच्या पाण्याला सरावलेलाही असतो.

उलट दिशेचा मोहही तितकाच टाळायला हवा. टाकी बंद करताना उरलेली प्रवाळं 'समुद्रातूनच आली, समुद्रात जाऊ देत' म्हणून खाडीत सोडणारे भाविक आपल्याकडे आहेत. व्हेनेझुएलाच्या मोचिमा किनाऱ्यावर झेनियाच्या कुळातलं उनोमिया नावाचं हिंदी-प्रशांत महासागरातलं प्रवाळ मत्स्यालयांच्या व्यापारातून पोहोचलं आणि तिथल्या प्रवाळांवर, समुद्री गवतावर पसरत सुटलं. हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही तेच सापडलं आहे. टाकीत ज्याला जगवता जगवता आपल्या नाकी नऊ येतात, ते कुळ उघड्या समुद्रात असं वागतं. तेव्हा नको असलेली प्रवाळं दुसऱ्या हौशी माणसाला द्या. कुणी घेत नसेल तर दिवसभर गोड्या पाण्यात ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. टाकीचं पाणी बेसिनमध्ये ओता. समुद्रात, खाडीत, विहिरीत काहीही सोडू नका.